ऑपरेटरची पेटी

माझ्या थोरल्या भावाला सगळे ऑपरेटर म्हणतात. एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर त्याने एकतीस वर्षं काढली. चारशे एक्स्टेंशन नंबर त्याला तोंडपाठ होते, आणि पलीकडच्याने नुसता घसा खाकरला तरी माणूस स्टोअरचा की पेंटशॉपचा हे तो सांगायचा. मग बोर्ड गेला, त्याच्या जागी ‘अमक्यासाठी एक दाबा’ म्हणणारं यंत्र आलं, आणि दादाला निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच घरी बसवलं. निरोपसमारंभात त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. बिनआवाजाचं. दादा जन्मापासून आंधळा आहे हे एकतीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नसावं.

‘दृष्टिहीन’ वगैरे म्हणायला गेलं की तो मलाच टोकतो. आंधळा म्हण, म्हणतो, वेळ वाचतो. लग्न त्याने केलं नाही. आई-वडील गेल्यावर तो त्याच गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटा राहिला. मी पाच तासांवरच्या दुसऱ्या गावी, नवरा, दोन मुली आणि दवाखान्याची नोकरी यांच्या रगाड्यात. दर रविवारी सकाळी मी त्याला फोन करायचे. मशीनला कपडे लावायचे, फोन स्पीकरवर टाकायचा आणि भाजी चिरता चिरता ‘बरा आहेस ना, गोळ्या घेतोस ना’ एवढं विचारायचं. सात-आठ मिनिटांत उरकायचं. उरकायचं हा शब्द आज लिहिताना मला टोचतो, पण खरा तोच आहे.

घरी बसल्यावर दादाने वाचायला घेतलं. मोठ्याने. ब्रेलचं पुस्तक मांडीवर ठेवायचं, बोटं फिरवायची आणि समोरच्या माइकमध्ये वाचत जायचं. हे कोणासाठी, तर मोठेपणी ज्यांचे डोळे जातात त्यांच्यासाठी. मधुमेहाने म्हणा, अपघाताने म्हणा. त्या वयात बोटांना ब्रेल शिकवणं सगळ्यांना जमत नाही, आणि घरच्यांना वाचून दाखवायला वेळ नसतो. नीट कान दिला तर त्या रेकॉर्डिंगमध्ये दादाच्या आवाजाखाली कागदावरून बोटं सरकल्याची खसखस ऐकू येते. प्रवासवर्णनं, चरित्रं, बागकाम, रेडिओदुरुस्ती, जे ब्रेलमध्ये हाताला लागेल ते. अकरा वर्षांत दोनशे चौदा पुस्तकं झाली.

ही सगळी पुस्तकं एका पेटीत होती. बुटांच्या खोक्याएवढी काळी पेटी, आत दोन डिस्क, मागे इंटरनेटची वायर. ऐकणाऱ्याने आपल्या घरून, आपल्या फोनवरून या पेटीत शिरायचं आणि हवं ते पुस्तक ऐकायचं किंवा उतरवून घ्यायचं. असे चाळीसेक लोक होते. त्यातला एक ट्रकचा ड्रायव्हर, साखरेने डोळे गेलेला. एक मालिश करणाऱ्या ताई, त्यांची नजर तिशीत एका अपघातात गेली. बाकीचे मला फक्त दादाच्या बोलण्यातून माहीत.

पेटी जुनी होती आणि आठ-पंधरा दिवसांनी एकदा रुसायचीच. मग दादाचा फोन खणखणायला लागायचा. तो बोर्डावरच्या आवाजात ‘बोला, काय बंद पडलंय’ म्हणायचा, तक्रार नोंदवून घ्यायचा, आणि मग ड्रायव्हरचे गुडघे, ताईंची घरमालकीण, कोणाची सून, कोणाची बदली, सगळ्यांची चौकशी व्हायची. पेटी पाच मिनिटांत सुरू व्हायची, बोलणं तासभर चालायचं. एरवी त्याच्याकडे कोणाचं येणंजाणं नव्हतं. मला हे सगळं ठाऊक होतं आणि मी त्याला भंगाराचा ऑपरेटर म्हणून चिडवायचे.

मग पेटी बनवणाऱ्या कंपनीने हात वर केले. इतक्या जुन्या पेटीसाठी आता काही सुधारणा मिळणार नाहीत, नवी घ्या. इकडे लोकांचे फोन नवे होत गेले आणि नवे फोन जुन्या पेटीशी बोलेनात. ड्रायव्हरच्या मुलाने बापाला हौसेने नवीन फोन आणला आणि बापाची पुस्तकं गेली. वर्षभरात चाळीसांचे एकोणीस उरले. दादाने ठरवलं की पेटीतलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून टाकायचं आणि त्या जागी मुक्त सॉफ्टवेअर घालायचं, जे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय, ज्याला मालक नाही आणि म्हणून कोणी हातही वर करत नाही. ते घातलं की एकवीस माणसं परत येतील, एवढाच त्याचा ध्यास होता. फोनवर तो मला या विषयावर इतकं पिडायचा की मी भाजी सोडून भांडी घासायला घ्यायचे, म्हणजे पाण्याच्या आवाजात ऐकू येऊ नये.

त्याने मला सांगितलं ते असं. एकदा नवीन सॉफ्टवेअर आत बसलं की तो आपल्या कॉम्प्युटरवरून पेटीशी बोलू शकेल, कारण त्याचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचतो. पण पहिला तास-दोन तास जे पडद्यावर येतं ते मुकं असतं. पेटीला आवाजच नाही. त्या वेळापुरते कोणाचे तरी डोळे हवेत. “तुझे डोळे दोन तासांसाठी दे,” तो म्हणाला. मी म्हटलं, पार्सलने पाठवते. दोनदा तारीख ठरवून मोडली आणि तिसऱ्यांदा एका शनिवारी गेले.

दार उघडल्यावर मी सवयीने दिवा लावायला गेले तर लागेना. बल्ब गेला होता. कधी गेला ते दादाला माहीत नव्हतं, कारण सांगायला कोणी आलंच नव्हतं. दुसऱ्या खोलीचाही गेला होता. मी खाली जाऊन दोन बल्ब आणले, लावले, आणि उगाचच त्याच्यावर खेकसले. तो म्हणाला, आता उजेड पडला म्हणायचा. मला हसू आलं नाही.

तयारी मात्र चोख होती. खालच्या दुरुस्तीवाल्याकडून पडदा मागून आणलेला, वायरी टेबलावर एका ओळीत. आधी दोन डिस्कपैकी दुसरीवर पहिलीची नक्कल असायची. ती नक्कल त्याने स्वतःच पुसून डिस्क रिकामी केली होती, कारण नवीन सॉफ्टवेअरला दुसरी जागाच नव्हती. पुस्तकांची डिस्क बाहेर काढून ठेवावी असं त्याच्या मनात होतं, पण तिच्या खणाचा खटका तुटला होता. ओढून काढली असती तर परत बसली नसती. म्हणून ती आतच राहिली. त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि एकच नियम सांगितला.

“जे दिसेल ते अक्षर न् अक्षर वाच. तुला त्यातून काय कळलं ते सांगू नकोस.”

आता हे मला सांगणं म्हणजे कठीण. मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसाला दोनशे माणसं आपापली रामकहाणी घेऊन येतात, आणि ती ऐकून ‘ताप, तीन दिवस’ एवढं लिहिणं हे माझं काम. सव्वीस वर्षं मी लोकांचं बोलणं गाळून घेतेय. पडद्यावर आधी भाषा, मग देश, मग कीबोर्ड, मग नाव, मग परवलीचा शब्द. मी वाचायचे, तो कीबोर्डवर बोटं चालवायचा. थोडं गाळलं की त्याला लगेच कळायचं. “मध्ये काहीतरी खाल्लंस,” म्हणायचा, आणि मी परत पहिल्यापासून. तीन तास गेले. माझी साडेपाचची बस होती, मान दुखत होती, आणि पडद्यावरची ती गिचमिड आता माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागली होती.

चारच्या सुमारास डिस्क निवडायचं पान आलं. त्यात दोन ओळी होत्या. सुरुवात सारखी, आकार सारखा, आणि पुढे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक शेपटी. मी शेपटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“दोन ओळी आहेत. सारख्याच.”

“अगदी सारख्या?”

“हो रे बाबा, सारख्या.”

त्याने थोडा विचार केला. पहिला खण वर, दुसरा खाली, त्या हिशेबाने त्याने खालची ओळ निवडली. मग पडद्यावर इशारा आला की या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. तो मी अगदी अक्षर न् अक्षर वाचला. त्याने ‘हो’ केलं.

अर्ध्या तासाने सगळं बसलं. दादाने आपल्या कॉम्प्युटरवरून पेटीला हाक मारली आणि तिने ओ दिली. तो इतका खूश झाला की त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. मग पुस्तकं पाहायला गेला. कॉम्प्युटरने त्याच्या त्या सपाट आवाजात सांगितलं की डिस्क रिकामी आहे. दादाने पुन्हा विचारलं. कॉम्प्युटरने पुन्हा तेच सांगितलं, त्याच सुरात.

डिस्क निवडायच्या त्या पानाचा मी फोनवर फोटो काढला होता. मुलींना दाखवायला, की बघा तुमची आई काय करतेय. दादाच्या तो क्लिकचा आवाज लक्षात होता. त्याने तो फोटो वाचायला सांगितला. दोन्ही ओळींच्या शेपट्या वेगळ्या होत्या, पार वेगळ्या. कोणती शेपटी कोणत्या डिस्कची हे दादाला पाठ होतं, चारशे एक्स्टेंशनं पाठ होती तसंच. मी एकेक अक्षर वाचत गेले. खालची ओळ पुस्तकांची होती.

“आता वाचलंस नीट,” तो म्हणाला.

एवढंच. रागावला असता तर मीही दोन शब्द उलटे बोलले असते आणि बरं वाटलं असतं. त्याने चहा केला, माझ्या पिशवीची चेन लावून दिली आणि बस चुकेल म्हणून मला बाहेर काढलं. पाच तास मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. अकरा वर्षांचं वाचन मी एका वाक्यात पुसलं होतं.

खालच्या दुरुस्तीवाल्याने ती पेटीच चार दिवस ठेवून घेतली आणि हात टेकले. दादाने मग ऐकणाऱ्यांना निरोप धाडला की पुस्तकं गेली, चूक माझी. माझी म्हणजे त्याची, असं त्याने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मालिशवाल्या ताईंचा फोन आला की त्यांच्या फोनमध्ये सत्तावीस पुस्तकं उतरवलेली आहेत. ड्रायव्हरकडे सगळी प्रवासवर्णनं निघाली, जुन्या फोनमध्ये, तीनतीनदा ऐकलेली. मग जे मधल्या काळात गळाले होते तेही आले. कोणी इंटरनेटवरून पाठवलं, कोणी बोटाच्या नखाएवढं कार्ड पाकिटात घालून पोस्टाने. त्या दोन महिन्यांत दादाचा फोन खाली राहिला नाही. रविवारी मी फोन केला की तो म्हणायचा, ठेव गं, दुसरा येतोय. मला त्या माणसांचा हेवा वाटला, आणि स्वतःची लाजही वाटली, पण जीव भांड्यात पडला हे जास्त खरं.

नऊ सोडून सगळी पुस्तकं परत आली. ती नऊ कोणाकडेच नव्हती. त्यात घड्याळदुरुस्तीचं एक होतं आणि एका न्यायाधीशाचं दोन खंडांतलं आत्मचरित्र होतं. दादा म्हणाला, म्हणजे ही मी एकट्यानेच ऐकली. आणि त्याने ती नऊच्या नऊ परत वाचायला घेतली.

नवीन सॉफ्टवेअर मात्र खणखणीत निघालं. पेटी एकदाही रुसली नाही. नवे फोन, जुने फोन, सगळ्यांशी बोलायला लागली. एकवीस माणसं परत आली, वर आणखी वीस-पंचवीस आली. मी दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटले की ते मी बसवलंय. आता बिघाड नाही, कटकट नाही, म्हणून माझे रविवारचे फोन चार मिनिटांवर आले. दादा सगळ्याला ‘चालू आहे, चालू आहे’ म्हणायचा. पेटीबद्दल विचारलं तरी तेच, त्याच्याबद्दल विचारलं तरी तेच.

सातआठ महिन्यांनी एका सोमवारी, खिडकीसमोर रांग असताना, मालिशवाल्या ताईंचा मला फोन आला. वेळप्रसंगी असू द्यावा म्हणून दादाने त्यांना माझा नंबर दिला होता. त्यांना काळजी वाटत होती. महिनाभर दर गुरुवारी दुपारी चारला पेटी बंद पडत होती. पाच-सहा जण फोन करायचे, ऑपरेटर तक्रार नोंदवून घ्यायचे, खूप छान बोलायचे, आणि तासाभरात पेटी सुरू व्हायची. डिस्क जायला आली असेल, तर त्यांना एकट्याला झेपेल का? म्हणून मी म्हटलं की पडद्यासाठी डोळे लागले तर मी येईन.

“पडदा कशाला, ताई?” त्या म्हणाल्या. “त्या कामाला डोळे लागत नाहीत. आधी आपल्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर भरून कार्ड तयार करायचं, पेटीत घालायचं, की ती आपोआप नेटवर्कवर येते. मग सगळं आपल्याच कॉम्प्युटरवरून. माझ्याकडेही गाण्यांची अशीच एक पेटी आहे, ती मी तशीच केली. दोन वर्षांपूर्वी तुमच्या भावानेच शिकवलं मला.”

मी खिडकीचं झडप लावून घेतलं. रांगेतल्या माणसांनी ठोकून पाहिलं आणि मग ठोकणं सोडून दिलं. माझं डोकं फिरलं होतं. ज्या कामाला डोळे लागतच नव्हते त्यासाठी याने मला पाच तास बसमध्ये बसवलं, माझ्या हातून आयुष्यभर टोचेल अशी चूक करवली, आणि अवाक्षर काढलं नाही. मी तिथूनच त्याला फोन लावला. बरा आहेस ना वगैरे काही विचारलं नाही.

“गुरुवारी चारला काय होतं?”

“वायर काढतो.”

“का?”

“चालू असलं की कोणी फोन करत नाही गं. तासाभरात परत लावतो. कोणाचं नुकसान होत नाही.”

मला जे ओरडायचं होतं त्यातलं निम्मं तिथेच गेलं. उरलेलं मी विचारलं. “आणि मला कशाला बोलावलंस? तुला येत होतं ना सगळं?”

“येत होतं.”

“मग?”

“त्याआधी दोनदा नुसतंच ये म्हटलं होतं मी. तू विचारलंस, काय काम आहे.”

मला आठवेना. आठवेना म्हणजे त्याने म्हटलं नसेल असं नाही. भाजी चिरताना, भांडी घासताना त्याने म्हटलं असेल आणि मी ते गाळलं असेल. दोन ओळी सारख्याच आहेत, असं म्हणून. मी सॉरी म्हणाले. तो म्हणाला, अगं सोड, आणि खिडकीसमोर रांग असेल, जा. मी गेले. दिवसभर मी ताप, खोकला, तीन दिवस, आठ दिवस लिहीत राहिले आणि एका म्हाताऱ्या बाईचं मात्र सगळं ऐकून घेतलं.

त्या गुरुवारी मी चारला पाच कमी असताना त्याला फोन केला. त्याने वायरीला हात लावायच्या आत पोचायचं होतं मला. कपडे नाहीत, भाजी नाही, दवाखान्याच्या मागच्या जिन्यात एकटीच बसले होते. त्याने उचलला तो त्या जुन्या बोर्डावरच्या आवाजात. “बोला, काय बंद पडलंय?”

“काही नाही. मी आहे.”

“तू? गुरुवारी? काय झालं?”

“काही झालं नाही रे. असाच केला.”

“असाच,” तो म्हणाला, आणि काम सांगायची वाट पाहत थांबला. माझ्याकडे काम नव्हतं. खिडकीवर दोनशे माणसांना ‘काय त्रास होतोय’ विचारणारी मी, आणि बिघाड सांगा म्हणणारा तो. बिघाडाशिवाय एकमेकांशी काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही सुचेना. सत्तरीकडे झुकलेला भाऊ आणि पन्नाशी ओलांडलेली बहीण, फोन कानाला लावून नुसते बसलो. जिन्यातून कोणीतरी वर गेलं. खाली गाडी लागल्याचा आवाज आला. चार वाजून गेले.

“आहेस ना?” दादाने विचारलं.

“आहे,” मी म्हणाले.